वर्षाच्या आत, नाही तं तीन वर्षं

कुसुमचे बाबा, काल तुमची तेरवी झाली. गावचे पाहुणे आज सकाळच्या गाडीनं गेले. जाताना तुमचे मोठे भाऊ माह्यासंगं एक शब्द बोलले नाही. कुसुमच्या डोक्यावर मात्र हात ठेवून गेले. असं कावून झालं ते मी सांगणारच आहो, पण मले गोष्ट सरळ सांगता येत नाही हे तुमाले ठाऊक आहे. "कुसुमची आई बाजूच्या दुर्गले जायाले निघते अन् रायपूर फिरून येते," असं तुमीच म्हणत होते. तं ऐका. आता तुमाले ड्युटीची घाई नाही. एवढंच आधी सांगून ठेवते का आपलं जे भांडण अर्धं राहिलं होतं, कुसुमच्या लग्नाचं, त्याचा काल निकाल लागला.

घर खाली झालं आहे. दिवाकर शेजारी शांतीबाईच्या अंगणात खेळून राहिला. पाच वर्षांच्या पोराले तेरवी म्हणजे जेवण, एवढंच समजलं. त्यानं दोनदा भात मांगून खाल्ला अन् मले म्हणे, बाबाले बी वाढून ठेव, ड्युटीवरून येतीन. मी ठेवला. मंग गाईले टाकला.

मेलेल्या माणसाचं चांगलंच बोलावं म्हणतात. मी बी बोलन, पण पहिले माही तक्रार ऐका. तुमी मले चारचौघांत लय खाली पाहाले लावलं. कोणाचा नवरा दारू पिऊन लाजवते, तुमी मले कपडे धुऊन लाजवलं. आपण वैनगंगेच्या काठचे लोक. आपल्या गावात गड्यानं बायकोचं लुगडं हातात धरलं तं त्याले जन्मभराचं नाव पडते. अन् तुमी इथं येऊन, साऱ्या मुलखाचे लोक जमा झालेल्या ह्या लोखंडाच्या कारखान्याच्या जागी, मोरीत उकिडवे बसून माहे लुगडे आपटत होते.

दिवाकर झाला तवाची गोष्ट. माह्या अंगात रगत नव्हतं, दोन महिने खाटीवरून उठाची सोय नव्हती. गावाहून जाऊ येणार होती, पण धान कापणीले आला अन् तिचं येणं राहिलं ते राहिलंच. तुमी साहेबापाशी जाऊन रात्रपाळी मांगून घेतली, का दिवसा घरी राहता यावं. रातच्याले शांतीबाई माह्यापाशी येऊन निजे. सकाळी तुमी येत, लोखंडाच्या धुळीनं लाल झालेले, हातपाय धुवत अन् कामाले लागत. पोराले आंघोळ, चूल, भाकरी, कुसुमची शाळेची तयारी, धुणं. झोपत कवा होते ते मले अजूनही माहीत नाही.

मले त्याची लाज वाटे. आपल्या क्वार्टरांच्या लाइनीत रीत आहे ना, ज्याची रात्रपाळी झाली त्यानं घरी येऊन बूट दाराबाहेर पायरीवर ठेवायचे. बूट दिसले का लोक समजतात, माणूस झोपला आहे. बाजूच्या रुआबांधा गावची भाजीवाली आवाज न देता पुढं जाते, पोट्टे आपली गिल्ली-दांडू उचलून दुसऱ्या लाइनीत जातात. ही रीत कोणी लावली माहीत नाही, पण मद्रासी असो का पंजाबी, सारे पाळतात. तं मीच तुमाले अक्कल शिकवली: बूट बाहेर ठेवा, दार लावा, मंग आत काय करायचं ते करा. लोकाइच्या हिशेबानं तुमी घोरून राहिले अन् आत मोरीत धपाधपा धुणं चालू.

पण शांतीबाई काही कच्ची नाही. तिनं अंगणातल्या दोरीवरचं माहं लुगडं पाहिलं. तुमी खलासी माणूस, टना-टनाचं लोखंड तारेच्या दोरीनं बांधून वर चढवणारे. तुमी पिळलेल्या लुगड्याचा पीळ वाळल्यावर बी जात नव्हता. शांतीबाई दारात उभी राहून तिच्या छत्तीसगढीत म्हणे, "का ओ बहिनी, तोर आदमी सुते-सुते लुगरा धोथे का?" तुहा माणूस झोपल्या झोपल्या लुगडे धुते का म्हणून. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुमी आतून ओरडले, "धुते म्हणा, सपनात!" दोघं बी हासाले लागले. मी भिंतीकडं तोंड केलं.

आता सांगते. तुमी मोरीत बसलेले असत तवा मले खाटीवरून तुमची पाठ दिसे. एक दिवस ती पाठ पाहाता पाहाता मले रडू आलं. तुमी वळून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, साबण जास्त लावून राहिले. तुमी साबण कमी केला अन् परत धुवाले लागले. तवा मले म्हणायचं होतं का असा माणूस माह्या माहेरात नाही, सासरात नाही, कुठंच मी पाहिला नाही. नाही म्हटलं. आपल्यात बायका असं म्हणत नाहीत, अन् मी तं अशी फटकळ का चांगलं बोलाले गेली तरी तोंडातून तक्रारच निघते.

कुसुमच्या वेण्या बी तुमीच घालत होते त्या दोन महिन्यांत. ती तिसरीत होती. वेणी चांगली पडे, पण फीत! तुमी फितीले खलाश्याची गाठ मारत. संध्याकाळी पोरगी माह्या खाटीपाशी येऊन बसे अन् मी नखानं, दातानं ती गाठ सोडत राहो. शेवटी विळीवर कापा लागे. चार फिती अशा गेल्या तवा मी कावली. तुमी म्हटलं, "माही गाठ सुटली तं खालचे माणसं मरतात. मले सैल बांधता येत नाही." मंग तुमी शांतीबाईपासून फुलाची गाठ शिकले. खाटीच्या पायाले फीत बांधून-सोडून तालीम करत होते, एवढा मोठा माणूस. दिवाकरच्या पाळण्याकडं लक्ष द्या म्हटलं तं म्हणे थांब, आता जमूनच राहिली.

पोरीच्या अभ्यासाचं तुमाले वेड कवा लागलं ते बी मले माहीत आहे. ती सातवीत होती. तुमी तिच्या बाजूले लसूण सोलत बसले होते. उगाच तिले म्हटलं, आज एक गर्डर चढवला, एवढ्या टनाचा, एक दोरी एवढं वजन झेलते, तं सांग किती दोऱ्या लावल्या असतीन? तिनं पाटीवर मांडलं, दोन ओळींत सोडवलं अन् म्हणे, "बाबा, तीन पुरतात, पण तुमी चार लावल्या असतीन." तुमच्या हातातला लसूण तसाच राहिला. खरंच चार लावल्या होत्या. तुमी स्वतः दुसरीपर्यंत शिकलेले. चारचा हिशेब तुमी दहा वर्षं हात भाजून शिकले होते. दुसऱ्या दिवशी साऱ्या गँगले तुमी ते सांगतलं. गँगचा एक माणूस परवा मले म्हणे, वहिनी, ती गोष्ट आमी निदान वीस वेळा ऐकली.

लांब नंदिनी गावच्या खाणीवर तुमाले मुकादमी भेटत होती. तुमी नाही म्हणून आले. मी विचारलं तं म्हणे, सालाच्या मधात कुसुमची शाळा मोडन. मी कपाळाले हात मारला. मुकादमाची बायको होणार होती मी, पोरीच्या शाळेपाई राहिली.

तं आता मुद्द्यावर येते.

महिन्याभराआधी माह्या माहेरून स्थळ आलं. पोरगा एकुलता एक, शेतात विहीर, घर आपल्या गावापासून दोन कोस. मले वाटलं, देव पावला. तुमाले माह्या मनातलं कवाच कळलं नाही, म्हणून सांगते. पोरगी तेरा वर्षांची झाली, हे खरंच. इथं आपलं माणूस नाही, कोणाच्या भरवशावर पोरगी वाढवायची, हे बी खरंच. पण सारं खरं हे नाही. मले गाव पाहिजे होतं. बारा वर्षं झाले, मले ही जागा आपली वाटली नाही. लाल माती, धूर, सकाळ-संध्याकाळ तो भोंगा. पोरगी तिकडं देली का मले तिकडं जायाले हक्काचं कारण भेटन, असं माह्या मनात होतं. पोरीच्या आडून मी माहा रस्ता करून राहिली होती.

तुमी ऐकून घेतलं. मंग एवढंच म्हटलं, "अकरावी होऊ दे."

"शाळा सरेपर्यंत ते लोक थांबतीन का?"

"नसन थांबत तं नाही."

"मी चौदाव्या वर्षी तुमच्या घरी आली. मेली का मी?"

तुमी बुटाची लेस बांधत होते. मान वर न करता म्हटलं, "मेली नाही. पण पहिलं सालभर तू रोज गोठ्यामागं जाऊन रडत होती. मले माहीत होतं."

मले ते ठाऊक नव्हतं का तुमाले माहीत आहे. सतरा वर्षं तुमी ते पोटात ठेवलं अन् त्या दिवशी काढलं. माह्या अंगाचा भडका उडाला. मी म्हटलं, "उपकार नोका दाखवू. बाप आहा, बापासारखं वागा. तिची आई मी आहो, तुमी नाही."

तुमी माह्याकडं पाहिलं. सायकल काढली अन् ड्युटीवर गेले. ज्या माणसानं माह्या दुखण्यात तिच्या वेण्या घातल्या, त्याले मी हे म्हटलं. त्या दिवसापासून मी अबोला धरला. तुमी बी धरला. भाकरी वाढून मी थाळी सरकवून देत होती अन् तुमी कुसुमले सांगत होते, आईले म्हण भाजी चांगली झाली.

चौथ्या दिवशी सकाळी तुमाले ताप चढला. डोळे पिवळे झाले होते. शांतीबाईनं झाडपाल्याचं सांगतलं, पण तुमच्या गँगच्या लोकाइनं काही ऐकलं नाही, सरळ दवाखान्यात नेलं. कावीळ डोक्यात चढली म्हणे डॉक्टर. तिथं पोहोचल्यापासून तुमाले शुद्ध नव्हती. त्याइनं होईन ते सारं केलं. आठव्या दिवशी तुमी गेले. तिथं बसून मी लय बोलली तुमच्यासंगं. दिवाकरनं कप फोडला ते सांगतलं, भाजीवालीनं तुमची चौकशी केली ते सांगतलं. लग्नाचं मात्र काढलं नाही. तुमाले ऐकू येत नव्हतं, तरी काढलं नाही. पडलेल्या माणसासंगं काय भांडायचं?

तुमचे मोठे भाऊ, माहे भासरे, तुमी गेल्यावर तिसऱ्या दिवशी आले. त्याइले मी वाईट म्हणणार नाही. सारं क्रियाकर्म त्याइनं व्यवस्थित केलं, दिवाकरले मांडीवर घेऊन बसले, तुमचं नाव निघालं का त्याइचा आवाज फाटे. दहाव्याले त्याइनं मले दारामागं बोलावून सांगतलं, "पोरीचं वर्षाच्या आत उरकून टाकू. घरात मयत झाली का वर्षाच्या आत लग्न करावं, नाही तं तीन वर्षं करता येत नाही. ते लोक अजून तयार आहेत. अन् तुमी बी पोराले घेऊन गावाले चला. इथं कोण आहे तुमचं?"

माह्या तोंडात हो आलं होतं, खोटं कायले सांगू? मी जे जे मांगत होती ते सारं त्याइनं समोर आणून ठेवलं. गाव, स्थळ, आपली माणसं. फक्त ते तुमाले नेल्यावर आलं. मी म्हटलं, भाऊजी, तेरवीले सांगते.

बाराव्या दिवशी दुपारी कुसुमनं आपली पुस्तकं काढली, एकावर एक रचली, सुतळीनं बांधली अन् शांतीबाईच्या घरी नेऊन देली. तिची पोरगी पुढच्या साली आठवीत जाते. मी विचारलं, कावून वं? म्हणे, "आता मले लागत नाहीत ना, आई." अन् डाळीतले खडे वेचाले बसली. डोळ्यांत पाणी नाही, आवाजात राग नाही. ती भांडली असती तं बरं झालं असतं. दोन थापडा देऊन मी माहंच खरं केलं असतं, माहा स्वभाव तुमाले माहीत आहे. पण तिनं मले भांडणच देलं नाही. गोठ्यामागं जाऊन रडणारी पोरगी कशी असते ते मले दुसऱ्या कोणी सांगाची गरज नव्हती.

मंग मी एकटीच भांडत बसली. माही बाजू मले पाठ होती. तुमची बाजू बोलाले कोणी नव्हतं, म्हणून ती बी मलेच बोला लागली. मी म्हणो, पोरीची जात आहे, बिनबापाची. मीच म्हणो, अकरावी होऊ दे. मी म्हणो, ते लोक थांबतीन का? मीच म्हणो, नसन थांबत तं नाही. तुमचं बोलणं एवढंच होतं, दोन वाक्यांचं. मी त्यावर शंभर वाक्यं टाकून पाहिले, पण ते हटलं नाही. मले तुमचा एवढा राग आला! जिवंत असते तं तुमाले मी चार दिवसांत थकवलं असतं. गेलेल्या माणसाले थकवता येत नाही.

काल जेवणं झाल्यावर पुरुष मंडळी अंगणात बसली. भासऱ्यांनी आवाज देला, "काय ठरलं मंग?" मी डोक्यावर पदर घेऊन दारात उभी राहिली. त्याइच्यासमोर चारचौघांत मी आजवर तोंड उघडलं नव्हतं.

"भाऊजी, वर्षाच्या आत लग्न होणार नाही."

"मंग तीन वर्षं थांबा लागन. नेम नेम आहे."

"थांबू. तीन वर्षांत तिची अकरावी होते."

त्याइले वाटलं मी दुःखानं भ्रमली. समजावाले लागले, बाई, पोरगा हातचा जाईन, बापाबिगर पोरगी, लोक काय म्हणतीन. सारं खरंच होतं. महिन्याभराआधी मीच हे सारं तुमाले ऐकवलं होतं, शब्दाले शब्द. अकरावी होऊ दे, एवढं म्हणून ते ऐकणारे नव्हते. बाईच्या शब्दाले वजन किती! तवा मी म्हटलं, "त्याइनं मले सांगतलं. दवाखान्यात, माहा हात धरून. अकरावी झाल्याबिगर पोरीचं लग्न करू नको म्हटलं. जागा बी सोडू नको म्हटलं."

जाणाऱ्याचा शब्द मोडाची आपल्यात कोणाची छाती होत नाही. भासरे उपरणं झटकून उठले. "त्याचा शब्द असन तं माहं काय चालते," म्हणे. माह्याकडं त्याइनं पाहिलं नाही. तुमच्या जागी मले कारखान्यात काम भेटावं म्हणून गँगच्या माणसानं माह्या नावाचा अर्ज लिहून ठेवला होता, त्यावर मी सही केली. चौथीपर्यंतची सही, पण केली.

कुसुम आत उभी होती. दवाखान्यातले आठही दिवस ती माह्या बाजूले होती, तुमी काय बोलले अन् काय नाही ते तिले पुरं माहीत आहे. ती माह्याकडं पाहून राहिली होती. शांतीबाईच्या घरी गेली अन् पुस्तकांचा गठ्ठा उचलून आणला. आज पाहुणे गेल्या गेल्या ती शाळेत गेली.

तं असं मी तुमच्या नावानं खोटं बोलली, तेरवीच्या दिवशी, साऱ्यांदेखत. पाप लागन तं माह्या माथी लागो. भासऱ्यांचं मन मोडलं, त्याचं वाईट वाटते. माह्या गावाचा रस्ता मीच बंद केला, त्याचं बी वाटते. तरी हे मले निस्तरता येईन.

पण दवाखान्यात तुमी मले काहीच सांगतलं नव्हतं. माह्यासंगं तुमचं शेवटचं बोलणं झालं ते घरीच, ताप चढला त्या सकाळी. तुमी खाटीवरून मले हाक मारली. अबोला तुमीच मोडला. "थोडं पाणी देते का वं?" म्हटलं. मी चुलीपाशी होती, मले ऐकू आलं. मी गिलास भरला अन् कुसुमच्या हातानं पाठवला.